‘ऑरेंज’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वरूड तालुक्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. वर्गाच्या खिडकीतून संत्र्याच्या बागा दिसतात. एकदा रंगांची नावं घेत असताना मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, नारिंगी हा शब्द ऑरेंजवरून आला का?” कानाला दोन्ही शब्द सारखे लागतात, हे तिने बरोबर टिपलं होतं. फक्त दिशा उलटी होती. तेव्हापासून मुलांनी, पालकांनी आणि इतर शिक्षकांनी या एका शब्दाबद्दल मला बरंच काही विचारलं. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

‘ऑरेंज’ हा शब्द मूळचा कुठला?

आपल्याकडचा. संस्कृतात या झाडाला आणि फळाला ‘नारङ्ग’ म्हणत. तो शब्द फारसीत ‘नारंग’ झाला. अरबीत ‘ग’ नसल्यामुळे तिथे त्याचं ‘नारंज’ झालं. अरबांनी हे झाड सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेलं आणि झाडासोबत नावही गेलं. स्पॅनिशमध्ये आजही ‘नारांखा’ म्हणतात, पोर्तुगीजमध्ये ‘लारांजा’, हंगेरियनमध्ये ‘नारांच’. इटालियन ‘अरांचा’ आणि फ्रेंच ‘ओरांज’ यांच्यात सुरुवातीचा ‘न’ गळाला. फ्रेंचांकडून तो शब्द इंग्रजीत आला, तो साधारण चौदाव्या शतकात.

म्हणजे मराठी ‘नारिंग’ आणि इंग्रजी ‘ऑरेंज’ एकाच घरातले. एक घरीच राहिला, दुसरा इराण, अरबस्तान, स्पेन, फ्रान्स करत लंडनला पोचला आणि तिथून शाळेच्या पुस्तकातून आपल्याकडे परत आला.

पण ‘नारङ्ग’ तरी मूळ संस्कृतच का?

बहुतेक नाही. तो द्रविड भाषांतून संस्कृतात आला असावा, असं भाषेचे अभ्यासक मानतात. मल्याळममध्ये लिंबूवर्गीय फळांना ‘नारंगा’ म्हणतात, तेलुगूत ‘नारिंज’ आहे, आणि तमिळमधल्या ‘नर’ने सुरू होणाऱ्या काही शब्दांत सुवासाचा अर्थ आहे. संत्र्याची साल नखाने दाबली की जो वास सुटतो तो आठवला, तर फळाला वासावरून नाव पडलं असेल हे मला सहज पटतं. लिंबूवर्गातल्या झाडांची मूळ भूमी हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, म्यानमार, दक्षिण चीनपर्यंत पसरलेली आहे. तेव्हा नावही याच बाजूच्या भाषांत जन्मलं, यात नवल नाही.

एका हत्तीने संत्री खाल्ली आणि तो मेला, त्यावरून ‘नाग-रंग’ नाव पडलं, ही गोष्ट खरी का?

नाही. संस्कृतात ‘नागरङ्ग’ असा शब्द आहे, तो अमरकोशातही येतो, आणि ‘नाग’ म्हणजे हत्ती असाही एक अर्थ होतो. एवढ्या दोन धाग्यांवर कुणीतरी गोष्ट विणली. अनोळखी शब्द ओळखीच्या तुकड्यांत तोडून घ्यायची माणसाला सवय असते. ‘नारङ्ग’चा ‘नागरङ्ग’ झाला तोही बहुधा याच सवयीतून. गोष्ट मुलांना सांगायला छान आहे, पण ती व्युत्पत्ती म्हणून शिकवू नये.

सुरुवातीचा ‘न’ गेला कुठे? ‘अ नॉरेंज’चं ‘अ‍ॅन ऑरेंज’ झालं असं आम्हाला शिकवलं होतं.

हे अनेक पुस्तकांत आणि तासांत सांगितलं जातं. मीही पहिली दोन वर्षं वर्गात असंच सांगत होते. चूक कळल्यावर त्या मुलांना पुन्हा बोलावून नीट सांगितलं. इंग्रजीत ‘नॉरेंज’ असा शब्द कधी रूढ नव्हता. ‘न’ गळाला तो इंग्रजीत येण्याआधीच, फ्रेंच आणि इटालियनमध्ये.

झालं असं, की त्या भाषांत नामाच्या आधी ‘एक’ या अर्थाचा ‘उन’ किंवा ‘उना’ असा छोटा शब्द लागतो, आणि त्यातही ‘न’ असतोच. बोलताना दोन ‘न’ एकमेकांना चिकटले. ऐकणाऱ्याला वाटलं, हा ‘न’ पहिल्या शब्दाचाच आहे. मग ‘नारंज’चं ‘आरंज’ झालं. त्यातच फ्रेंचमध्ये सोन्याला ‘ऑर’ म्हणतात. सोन्यासारख्या फळाचं नाव ‘ऑर’ने सुरू व्हावं, हेही लोकांच्या मनाला भावलं असणार, त्यामुळे ‘अ’च्या जागी ‘ओ’ आला.

अशी ‘न’ची पळवापळवी खुद्द इंग्रजीतही झाली आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. ‘एप्रन’ पूर्वी ‘नेप्रन’ होता. फुरसं किंवा घोणस यांच्यासारख्या विषारी सापासाठी असलेला ‘अ‍ॅडर’ पूर्वी ‘नॅडर’ होता. आणि क्रिकेट बघणाऱ्या मुलांना सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे ‘अंपायर’. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘जोडीत न बसणारा’, म्हणजे दोघांच्या भांडणात तिसरा, कुणाच्याच बाजूचा नसलेला. तो इंग्रजीत ‘न’सकट आला आणि ‘अ’ला आपला ‘न’ देऊन बसला. उलटही घडलं आहे. ‘निकनेम’मधला पहिला ‘न’ असाच शेजारच्या ‘अ‍ॅन’कडून आलेला आहे. मूळ शब्द ‘एकनेम’, म्हणजे जादा नाव.

आधी फळाचं नाव की आधी रंगाचं?

आधी फळाचं. इंग्रजीत ‘ऑरेंज’ हा शब्द रंगासाठी वापरायला लागले सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, फळाचं नाव रुळल्यावर शंभरेक वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा.

मग त्याआधी इंग्रज या रंगाला काय म्हणत? जुन्या इंग्रजीत ‘पिवळा-लाल’ असा एक जोडशब्द होता, तो मागे पडला. चौदाव्या शतकाच्या शेवटी कवी चॉसर एका कोंबड्याला स्वप्नात दिसलेल्या कोल्ह्याचं वर्णन करतो. त्या कोल्ह्याचा रंग तो ‘पिवळ्या आणि तांबड्याच्या मधला’ असा सांगतो. एवढा मोठा कवी, पण हातात शब्दच नाही, म्हणून दोन रंगांच्या मध्ये बोट ठेवून दाखवावं लागलं.

त्या काळाच्या खुणा इंग्रजीत अजून आहेत. रॉबिन पक्ष्याला ‘रेडब्रेस्ट’ म्हणतात, पण चित्र उघडून बघा, त्याची छाती स्वच्छ नारिंगी असते. ज्यांचे केस तांबूस-नारिंगी असतात त्यांना ‘रेड हेअर’वाले म्हणतात. ‘रेड फॉक्स’, ‘रेड स्क्विरल’ हीसुद्धा तशीच नावं. ही नावं पडली तेव्हा ‘ऑरेंज’ हा रंग बाजारात यायचा होता. ‘रेड हेअर’ म्हणजे लाल केस कसे, असं मुलं दर वर्षी विचारतात आणि त्याचं उत्तर हे आहे.

मग आपल्याकडे या रंगाला आधीपासून नाव होतं का?

एक नाही, चांगली चार-पाच. आणि मला वाटतं, आपण ती वापरायचं हळूहळू सोडतोय.

शेंदरी घ्या. मारुतीच्या मूर्तीवर लावलेला शेंदूर तुम्ही बघितलाय, तो लालाकडे झुकणारा, दाट. केशरी म्हणजे केशर दुधात भिजल्यावर जो उतरतो तो, पिवळ्याकडे झुकणारा. भगवा म्हणजे वारकऱ्याच्या खांद्यावरच्या पताकेचा. अबोली म्हणजे अबोलीच्या गजऱ्याचा, गुलाबी छटा असलेला फिका. आणि नारिंगी, हा फळावरून आलेला. साडीच्या दुकानात माझी आई ‘शेंदरी नको, अबोलीत दाखवा’ म्हणायची आणि दुकानदार बरोबर ठाण काढायचा. आज तिथेच ‘ऑरेंजमध्ये दाखवा’ म्हटलं की पाच छटांचे पाच गठ्ठे समोर येतात.

सरकारी कामातही ही नावं जिवंत आहेत. महाराष्ट्रात शिधापत्रिका पिवळी, केशरी आणि शुभ्र अशी असते. ‘ऑरेंज कार्ड’ असंही लोक बोलतात, पण कागदोपत्री ती केशरी. राष्ट्रध्वजाबद्दल २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत जो ठराव झाला, त्यात वरच्या पट्ट्यासाठी ‘ऑरेंज’ हा शब्दच नाही. इंग्रजी मजकुरात गडद ‘सॅफ्रन’ लिहून पुढे ‘केसरी’ हा आपला शब्द दिला आहे. म्हणून निबंधात झेंड्याचा रंग ‘ऑरेंज’ लिहिणाऱ्या मुलांच्या वहीत मी लाल खूण करते. जाता जाता, ‘सॅफ्रन’ हाही अरबी ‘झाफरान’वरून गेलेला, आपल्या ओळखीचा जाफरानच.

नागपूरचं संत्रं म्हणजेच इंग्रजीतलं ‘ऑरेंज’ ना?

बाजारात हो, वनस्पतिशास्त्रात नाही. हा प्रश्न आमच्या भागात सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि घरोघरी बागा असल्यामुळे तो महत्त्वाचाही आहे.

एक संत्रं आणि एक मोसंबी शेजारी ठेवा. संत्र्याच्या देठाजवळ अंगठा रोवला की साल सैल सुटते, आतल्या पाकळ्या एकमेकींपासून सहज वेगळ्या होतात आणि मधे पोकळी दिसते. मोसंबीला तसं करून बघा. साल घट्ट चिकटलेली असते, सुरी लागते, पाकळ्या सोडवताना फाटतात आणि रस मनगटापर्यंत ओघळतो. जगात ‘स्वीट ऑरेंज’ म्हणून जे फळ ओळखलं जातं ते आपल्या मोसंबीच्या जातीचं. आपलं संत्रं हे ‘मँडरिन’ या वेगळ्या गटातलं. गोड ऑरेंज स्वतःच एक संकर आहे, पपनस आणि मँडरिन यांचा. म्हणजे संत्र्याचं घराणं जास्त जुनं. मोसंबीचं नाव मात्र आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आलं.

तरीही ‘नागपूर ऑरेंज’ हे चुकीचं म्हणून कुणी बदलायला जाऊ नये. २०१४ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन याच नावाने आहे, नागपूरला ‘ऑरेंज सिटी’ म्हणतात, तिथल्या मेट्रोची एक मार्गिका ‘ऑरेंज लाइन’ आहे. बोलीतला ‘ऑरेंज’ हा एक मोठा शब्द आहे, त्यात संत्रंही बसतं. फक्त परदेशी व्यापाऱ्याशी लिहिताना ‘मँडरिन’ हा शब्द घालावा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांपुढे मोसंबी येते. वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. कॅलिफोर्निया ज्या ऑरेंजसाठी गाजला ते एका गटातलं आणि इथलं दुसऱ्या, हे आमच्याकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

‘संत्रं’ हा शब्द तरी पोर्तुगीज का?

पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ सिंत्रा नावाचं गाव आहे, त्यावरून ‘संत्रा’ आला असं पुष्कळदा छापलं जातं. मला ते पटत नाही. बाबराने हिंदुस्थानातल्या फळांचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात ‘संगतरा’ हे फळ येतं. बाबर वारला १५३० मध्ये. वास्को-द-गामा कोळीकोडला उतरला १४९८ मध्ये. एवढ्या थोड्या वर्षांत एका पोर्तुगीज गावाचं नाव मलबारच्या किनाऱ्यावरून आग्र्यापर्यंत जाऊन तिथल्या बागेत रुजलं, असं मानायचं म्हणजे फार ताणल्यासारखं होतं.

युरोपात सगळीकडे ‘ऑरेंज’शी मिळतंजुळतंच नाव आहे का?

नाही, आणि इथे फळाचा दुसरा प्रवास दिसतो. अरबांनी युरोपात नेलं ते कडू नारिंग. मुरंबा करायला चांगलं, तसंच खायला नाही. गोड फळ युरोपात सर्रास मिळू लागलं ते पंधराव्या-सोळाव्या शतकात, पूर्वेकडून व्यापाऱ्यांनी आणल्यावर. त्यात पोर्तुगीज पुढे होते. त्यामुळे काही भाषांनी जुनं नाव कडू फळापुरतं ठेवलं आणि नव्या गोड फळाला विकणाऱ्याचं नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘पोर्तोकाली’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’, रोमानियनमध्ये ‘पोर्तोकाला’, अरबीत ‘बुर्तुकाल’. आखातात नोकरी करून आलेल्या आपल्या माणसांनी तिथल्या ज्यूसच्या दुकानात हा शब्द नक्की ऐकला असेल. तो ‘पोर्तुगाल’च आहे. ज्या फारसीने ‘नारंग’ पुढे पाठवला, त्या फारसीतही आज गोड फळाला ‘पोर्तेकाल’च म्हणतात आणि ‘नारंज’ म्हणजे कडू.

उत्तरेकडच्या लोकांनी आणखी लांबचं नाव लावलं, चीनचं. डच भाषेत ‘सिनासॉपल’, म्हणजे चिनी सफरचंद. जर्मनमधलं ‘आपफेलझीने’ आणि रशियनमधलं ‘अपेल्सीन’ हेही तेच.

‘प्रिन्स ऑफ ऑरेंज’मधला ऑरेंज हाच का?

नाही, हा निव्वळ योगायोग. दक्षिण फ्रान्समध्ये ‘ओरांज’ नावाचं गाव आहे. रोमन काळात त्याचं नाव ‘अराउसियो’ होतं, आणि ते पाण्याच्या एका स्थानिक देवतेवरून पडलेलं. फळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. शतकांच्या ओघात गावाचं नाव आणि फळाचं नाव झिजत झिजत एकसारखं झालं, एवढंच.

१५४४ मध्ये नासाऊ घराण्यातल्या अकरा वर्षांच्या विल्यमला या गावाची जहागीर आणि तिच्यासोबतचा ‘प्रिन्स ऑफ ऑरेंज’ हा किताब वारशाने मिळाला. पुढे त्यानेच स्पेनच्या सत्तेविरुद्ध डच लोकांच्या उठावाचं नेतृत्व केलं. घराण्याचं नाव ऑरेंज, म्हणून घराण्याने रंगही नारिंगी घेतला. त्यामुळे नेदरलँड्सच्या झेंड्यात आज हा रंग नसला तरी खेळाडू नारिंगीच घालतात. २०२३ च्या विश्वचषकात ८ नोव्हेंबरला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर नेदरलँड्स आणि इंग्लंड यांचा सामना झाला, तेव्हा आपल्याकडच्या प्रेक्षकांनीही हा पोशाख जवळून बघितला.

याच घराण्यातला तिसरा विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडचा राजा झाला. आयर्लंडमधले प्रोटेस्टंट त्याला आपला मानत, म्हणून त्यांच्या संघटनेचं नाव ‘ऑरेंज ऑर्डर’, आणि आयर्लंडच्या झेंड्यातला नारिंगी पट्टाही त्यांच्यासाठी. दक्षिण आफ्रिकेतली ‘ऑरेंज’ नदीसुद्धा १७७९ मध्ये याच घराण्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली, पाण्याच्या रंगावरून नाही.

डच लोकांनी राजासाठी गाजर नारिंगी केलं, हे खरं का?

नारिंगी गाजर डच बागायतदारांनी रुळवलं, इतकं धरून चालता येतं. ते विल्यमच्या सन्मानासाठी केलं याला पुरावा नाही.

‘ऑरेंज अलर्ट’मध्ये आणि ‘एजंट ऑरेंज’मध्ये हा शब्द काय सांगतो?

दोन्हींत तो निव्वळ रंगाची खूण आहे. हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे टप्पे आहेत. नारिंगी म्हणजे ‘तयारीत राहा’. लाल म्हणजे ‘आता कृती करा’. बातम्यांत ‘ऑरेंज अलर्ट’ ऐकून काही लोक ‘रेड नाही ना, मग झालं’ म्हणतात. तसं करू नका. गोठ्यातली जनावरं हलवायची, तोडलेला माल झाकायचा, नाल्यापलीकडे गेलेल्यांना बोलवून घ्यायचं, ते याच टप्प्यावर करायचं असतं.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने झाडांची पानं झडावीत म्हणून जे विषारी रसायन जंगलांवर फवारलं, त्याच्या पिंपांवर नारिंगी पट्टा असे. त्यावरून ते ‘एजंट ऑरेंज’. रसायन स्वतः नारिंगी नव्हतं. त्याने तिथल्या माणसांच्या पुढच्या पिढ्यांनाही आजार दिले, आणि हे सांगताना फळाचं नाव त्याला चिकटलेलं मला दर वेळी खुपतं.

आयपीएलमधली ‘ऑरेंज कॅप’ सर्वाधिक धावा करणाऱ्याला मिळते. २०१० मध्ये ती ६१८ धावांसह सचिन तेंडुलकरला मिळाली होती.

‘ऑरेंज’ला इंग्रजीत यमक नाही, हे खरं का?

रोजच्या वापरातल्या शब्दांत नाही. शोधून काढायचंच तर वेल्समध्ये ‘ब्लॉरेंज’ नावाचा एक डोंगर आहे. मराठीत मात्र नारिंगीला सारंगी आहे.

‘संत्रा’ बरोबर की ‘संत्रं’?

दोन्ही. पुण्या-मुंबईकडे ‘ते संत्रं, ती संत्री’ असं नपुंसकलिंगी चालतं आणि छापील मराठीत तेच येतं. विदर्भात ‘तो संत्रा, ते संत्रे’. आमच्याकडचा बागायतदार ‘यंदा संत्रा चांगला लागला’ म्हणतो, आंबिया बहाराचा संत्रा, मृगाचा संत्रा असंच बोलतो, आणि मिठाईच्या दुकानातही ‘संत्रा बर्फी’च मिळते. मुलांच्या वहीत ‘आमचा संत्रा’ असं आलं तर मी ते तसंच ठेवते.